छोटा, देखणा आणि परवडणारा रेंजफाइंडर: तिघांतून कोणता घ्यावा?

कोकणातल्या एका लहान शहरात राहणाऱ्या आणि शाळेत शिकवणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांना रोलवर फोटो काढायचे आहेत आणि त्यासाठी पर्समध्ये मावेल असा जुना रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतून आलेली चित्रे जुळवून हाताने फोकस करायचा, कॅमेरा हवा आहे. त्यासाठी पंधरा हजार रुपये त्यांनी बाजूला ठेवले आहेत. समोर तीन पर्याय आहेत. पुण्याचा एक विक्रेता ऑलिम्पस ३५ आरसी आठ हजारांना देण्यास तयार आहे. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे कॅननेट क्यूएल१७ जी-थ्री ‘मिंट कंडिशन’ असे सांगून तेरा हजारांना ठेवलेला आहे. तिसरा, यशिका इलेक्ट्रो ३५, त्यांच्या दिवंगत काकांचा असून अनेक वर्षे कपाटात पडून आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की मोठ्या ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे असलेला, कॅननेटच घ्यावा, कारण आरसीच्या लेन्सने घरात काही टिपता येणार नाही. आईला वाटते की काकांचा कॅमेरा असताना दुसऱ्यावर खर्च कशाला. वाचकाचे मन मात्र आरसीवर जडले आहे, आणि ‘तो फार सुंदर दिसतो’ यापलीकडे कारण सांगता येत नसल्यामुळे त्यांना संकोच वाटतो. शाळेच्या वाटेवरचे, आठवडी बाजारातले आणि घरातल्या माणसांचे फोटो काढण्याचा त्यांचा विचार आहे.

तुमच्या पत्रातला संकोच आधी बाजूला ठेवू या. पन्नास वर्षांपूर्वीचा कॅमेरा आज विकत घ्यायला निव्वळ उपयोगाचे कारण फारसे उरलेले नाही. हातातल्या मोबाईलने नेमका आणि विनाखर्च फोटो निघतो. अशा वेळी कॅमेऱ्याचे रूप आवडणे हे दुय्यम कारण आहे असे मला वाटत नाही, कारण जो कॅमेरा हातात घ्यावासा वाटतो तोच रोज बरोबर नेला जातो. शिवाय आरसीचे जे रूप तुम्हाला आवडले ते वरून चढवलेले नाही. १९७० साली ऑलिम्पसने हा कॅमेरा आणला तेव्हा रेंजफाइंडर, उजेड मोजणारा लाइट मीटर, आपोआप ठरणारे ॲपर्चर आणि मनात असेल तेव्हा सर्व काही हाताने ठरवण्याची सोय हे सारे त्यांनी सुमारे अकरा सेंटीमीटर रुंदीच्या आणि चारशे ग्रॅमच्या आसपास वजनाच्या धातूच्या बांध्यात बसवले. त्याचा नेटकेपणा या काटेकोर मांडणीतून आलेला आहे, आणि पर्समध्ये मावण्याची तुमची अटही त्याच मांडणीमुळे पुरी होते.

मला प्रश्न पडला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुम्ही, भाऊ आणि आई, तिघेही मॉडेलांच्या नावांची तुलना करत आहात, आणि प्रत्यक्ष विकायला असलेला तो एक नग कसा आहे याविषयी पत्रात जवळजवळ काहीच नाही. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत ऑलिम्पस, कॅनन, मिनोल्टा, कोनिका, यशिका या जपानी कंपन्यांनी कुटुंबातल्या वापरासाठी असे कॅमेरे फार मोठ्या संख्येने बनवले. १९७७ साली कोनिकाने सी३५ एएफ हा आपोआप फोकस करणारा कॅमेरा बाजारात आणला, आणि पुढच्या काही वर्षांत हाताने फोकस करायचे छोटे रेंजफाइंडर मागे पडले. ते आजही तुलनेने स्वस्त मिळतात याचे कारण हेच. यांतल्या चांगल्या मॉडेलांच्या लेन्समधला फरक पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर क्वचितच ओळखू येतो, पण एकाच मॉडेलच्या दोन नगांत आज जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. एक कोरड्या हवेत आणि वापरात राहिलेला असतो, दुसरा चामड्याच्या कव्हरात वीस पावसाळे काढून आलेला असतो. जुने शिलाई मशीन घेताना आपण कंपनीचे नाव वाचण्याआधी चाक फिरवून पाहतो. इथेही तेच करायचे आहे.

भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कॅननेटची लेन्स एफ/१.७ ची आणि आरसीची एफ/२.८ ची असल्याने (एफपुढचा अंक लहान तितके ॲपर्चर मोठे) कॅननेट पूर्ण उघड्या ॲपर्चरवर पावणेतीन पट प्रकाश आत घेतो. पण या संख्येचा अर्थ तुमच्या घरात काय होतो ते पाहू. चांगल्या ट्यूबलाइटच्या खोलीत ४०० चा रोल घातला (रोलचा अंक मोठा तितका तो कमी उजेडात चालतो) तर एफ/२.८ ला शटरचा वेग साधारण १/३० सेकंदाच्या आसपास येतो. या कॅमेऱ्यांत आरसा उचलला जाण्याचा धक्का नसतो आणि लेन्समधले पात्यांचे शटर अगदी हलके चालते, त्यामुळे कोपर टेबलावर किंवा भिंतीला टेकवले तर १/३० वर हात हलत नाही. सराव झाला की १/१५ सुद्धा साधतो. १/१५ हाच आरसीचा सर्वांत संथ वेग असल्याने त्याहून अंधाऱ्या जागी तो थांबतो, ही त्याची खरी मर्यादा आहे. दुसरीकडे, कॅननेटवर एफ/१.७ ठेवून एका मीटरवर बसलेल्या आईचा फोटो काढलात, तर सुस्पष्ट भागाची खोली सहा सेंटीमीटरच्या आसपास भरते. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर होतील, आणि आई किंचित पुढे झुकली तर डोळेही धूसर होतील. मंद उजेडात जुन्या कॅमेऱ्याचा फोकसचा ठिपका आधीच फिका दिसतो, म्हणून मोठ्या ॲपर्चरचा जो लाभ कागदावर दिसतो त्यातला बराचसा चुकलेल्या फोकसमध्ये निघून जातो. रात्री घरात धावणारी लहान मुले हाच तुमचा मुख्य विषय असता तर मी निःसंकोच कॅननेट सुचवला असता. वाट, बाजार आणि घरात बसलेली माणसे यांच्यासाठी एफ/२.८ पुरेसे आहे.

रेंजफाइंडरच हवा, हे तुम्ही पत्रात गृहीत धरले आहे. तेही एकदा तपासून पाहावे, कारण हा प्रश्न पुष्कळ वाचकांना पडतो. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून आलेली एकाच वस्तूची दोन चित्रे व्ह्यूफाइंडरच्या मध्यावरच्या ठिपक्यात दिसतात आणि लेन्सची रिंग फिरवून ती एकमेकांवर आणली की फोकस होतो. मात्र आपण लेन्समधून पाहत नसतो. फार जवळच्या वस्तूची चौकट थोडी सरकते, आणि साधारण नव्वद सेंटीमीटरच्या आतले हा कॅमेरा टिपू शकत नाही. फुलांचे किंवा दागिन्यांचे जवळून फोटो काढायचे असतील तर ही जातच चुकीची. उलट, उन्हात एफ/८ ठेवून ४० मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस तीन मीटरवर ठेवला, तर साधारण दोन ते साडेपाच मीटरपर्यंतचे सर्व काही पुरेसे स्पष्ट येते आणि रेंजफाइंडरला हात लावावा लागत नाही. केवळ दिवसा, बाहेर फोटो काढणाऱ्यांना ऑलिम्पस ट्रिप ३५ पुरतो. त्याला सेल लागत नाही, मात्र त्याचा, प्रकाशावरच चालणारा, सेलेनियमचा मीटर जिवंत आहे ना हे पाहून घ्यावे. तुम्हाला घरातली माणसे टिपायची आहेत, एफ/२.८ उघडायचे आहे, म्हणून तुमच्यासाठी रेंजफाइंडरचा आग्रह योग्य आहे असेच मी म्हणेन.

आता काकांचा यशिका. आईचे बोलणे मनावर घ्यावे असे मला वाटते, पण तिने ज्या कारणासाठी सांगितले त्यासाठी नव्हे. इलेक्ट्रो ३५ ची मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. लेन्स उत्तम, व्ह्यूफाइंडर मोठा आणि स्पष्ट, पण वजन सातशे ग्रॅमच्या वर. तो रोज पर्समध्ये राहणार नाही, आणि काकांवरच्या मायेपोटी त्याला रोजचा कॅमेरा करण्याचा प्रयत्न केला तर काही आठवड्यांत तो पुन्हा कपाटात जाईल. तरीही तो आधी सुरू करून पाहा, कारण रेंजफाइंडरवर फोकस करणे तुमच्या डोळ्यांना मानवते की नाही हे कळण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. त्याचा मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. ४एलआर४४ हा सहा व्होल्टचा सेल अडॅप्टरमध्ये बसवून तो चालतो. सेलच्या खणात हिरवट-पांढरा थर जमला असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन हलक्या हाताने पुसा आणि खण पूर्ण कोरडा होऊ द्या. मग रोल न घालता शटरचे बटण हळूहळू दाबा: खोलीत पिवळा दिवा लागला आणि ॲपर्चर उघडे ठेवून भर उन्हाकडे धरल्यावर लाल दिवा लागला, तर आतले इलेक्ट्रॉनिक काम जिवंत असण्याची चांगली शक्यता आहे. सेल नसताना हा कॅमेरा फक्त १/५०० वर चालतो आणि शटरचा वेग हाताने ठरवण्याची सोयच त्यात नाही, हे लक्षात ठेवा. आतली रबराची एक गादी कालांतराने झिजून जाते आणि मग एक्स्पोजर, म्हणजे रोलवर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, चुकत राहते. हा या मालिकेचा ओळखीचा आजार आहे आणि जाणकार कारागीर तो दुरुस्त करतो. कॅमेरा सुरू झाला तर एक रोल त्यावर काढा, आणि तो धुऊन येईपर्यंत दुसरे काही विकत घेऊ नका.

कॅननेटविषयी माझे मत असे की कॅमेरा चांगला आहे, पण तुमच्यासमोरचा सौदा मला पटत नाही. क्यूएल१७ जी-थ्री १९७२ मध्ये आला; रोल घालण्याची त्याची झटपट पद्धत नवशिक्यांना खरोखर सोयीची आहे, आणि १/४ पर्यंतचे संथ वेगही त्यात आहेत. पण तो आरसीपेक्षा जड आहे, त्याच्या नावलौकिकाची किंमतही विक्रेते लावतात, आणि तेरा हजार त्यावर घालवल्यावर तुमच्या हाती दोन हजार उरतील. ‘मिंट’ हा शब्द बहुधा बाहेरच्या चकाकीपुरता असतो. शटर आणि ॲपर्चरची पाती तेलाने चिकटणे हे कॅननेटचे नेहमीचे दुखणे आहे, आणि ते समोरून काढलेल्या चकचकीत फोटोत दिसत नाही. वाचकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी: कॅननेट २८ दिसायला त्याच घराण्यातला असला तरी त्याची लेन्स एफ/२.८ ची आहे आणि एक्स्पोजर हाताने ठरवण्याची सोय त्यात नाही, म्हणून नाव पूर्ण वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

माझा कौल आरसीला आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये शटरचा वेग आणि ॲपर्चर दोन्ही दिसतात, ही सोय या आकाराच्या कॅमेऱ्यांत दुर्मीळ आहे आणि शिकणाऱ्यासाठी अमूल्य आहे. सेल संपला किंवा मीटर बंद पडला तरी हाताने वेग आणि ॲपर्चर ठरवून तो चालत राहतो. त्या वेळी भर उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि शटरचा वेग रोलच्या अंकाच्या जवळचा, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०, हा जुना नियम कामी येतो, आणि ढगाळ हवेत एफ/८ किंवा एफ/५.६ पर्यंत उघडावे लागते. लेन्सवर टोपी राहून जाणे ही रेंजफाइंडर वापरणाऱ्यांची कायमची चूक असते, कारण व्ह्यूफाइंडरमधून सारे स्वच्छच दिसते. आरसी स्वयंचलित स्थितीत असेल तर मीटरलाही अंधार दिसतो आणि शटर दाबलेच जात नाही. ज्यांना आरसी मिळत नाही त्यांनी मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस-टू किंवा रिको ५००जी पाहावेत. दोघांतही हाताने एक्स्पोजर ठरवता येते. १९७९ चा ऑलिम्पस एक्सए या सर्वांहून लहान आहे आणि सरकत्या झाकणामुळे टोपीची कटकटच नाही, पण तो सर्वस्वी सेलवर चालतो आणि त्यातले इलेक्ट्रॉनिक्स बिघडले तर दुरुस्तीची आशा कमी असते. पहिलाच जुना कॅमेरा म्हणून तो मी सुचवणार नाही.

आरसीच्या सेलचा प्रश्न मात्र आधी समजून घ्या, कारण ‘मीटर चालू’ या विक्रेत्याच्या दोन शब्दांत तो दडलेला असतो. या काळातले बहुतेक मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी जुळवलेले होते आणि ते सेल आता बाजारातून गेले आहेत. त्या जागी साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर काटा हलतो, विक्रेता समाधानाने ‘चालू’ म्हणतो, पण मीटरला आहे त्यापेक्षा जास्त प्रकाश असल्याचा भास होतो आणि फोटो काळपट येतात. कानाच्या मशीनला लागणारा ६७५ क्रमांकाचा १.४ व्होल्टचा सेल एका लहान कड्यात बसवून वापरणे हा सोपा उपाय आहे. तो श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळतो, मात्र त्यावरचा कागद काढून हवा लागली की काही आठवड्यांत किंवा एखाद-दोन महिन्यांत तो संपतो, म्हणून पाकिटातले सगळे सेल एकदम उघडू नयेत. नाइलाजाने अल्कलाइन सेल वापरावा लागला तर रोलचा अंक एक पायरी खाली लावा, २०० ऐवजी १००. रंगीत निगेटिव्ह रोल थोडा जास्त प्रकाश सहज सोसतो, कमी प्रकाश सोसत नाही.

शक्य असेल तर पुण्याला जाऊनच कॅमेरा पाहा, आणि जाताना मोबाईलचा टॉर्च व ६७५ क्रमांकाचा एक सेल बरोबर न्या. मागचे दार उघडून, ‘बी’ वर (त्या खुणेवर बटण दाबून ठेवेपर्यंत शटर उघडे राहते) शटर धरून, लेन्समधून टॉर्च पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि तो कॅमेरा तिथेच ठेवून यावा, चार धुळीचे कण दिसले तर घाबरू नये, ते फोटोत येत नाहीत. पात्यांवर तेलाचा ओला डाग नको. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेवर, नेऊन दूरच्या उंच टॉवरकडे किंवा रात्री चंद्राकडे बघा. दोन्ही चित्रे एकमेकांवर बसली पाहिजेत. आडवी चूक कारागीर सहज दुरुस्त करतो, उभी चूक असेल तर किंमत कमी करून मागा. शटरचा प्रत्येक वेग दहा-दहा वेळा दाबून पाहा, कारण चिकटणारे शटर पहिल्या दोन-तीन वेळांतच स्वतःला उघडे पाडते. सेल्फ-टायमरला मात्र हात लावू नका. जुन्या कॅमेऱ्यात तो मध्येच अडकतो आणि कॅमेराही अडकवून ठेवतो. दाराच्या खाचेतला काळा फोम डांबरासारखा चिकट झालेला असणारच, तो बदलण्याचे काम स्वस्त आहे. रूपाविषयी एवढेच सांगेन की काळ्या रंगाच्या नगासाठी जास्त पैसे देऊ नका, आणि नव्याने रंगवलेल्या नगाकडे संशयाने पाहा, कारण रंगाखाली पडझडीचे पोचे झाकलेले असू शकतात. चंदेरी नगावरचे उडालेले चामडे मात्र आवडीच्या रंगात सहज बदलून मिळते.

मुंबईला जाणे होणाऱ्यांनी फोर्टमधला बोरा बाजार पाहावा, आणि पुण्यात रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही कधी कधी असे कॅमेरे दिसतात. पण तिथे परतीची हमी नसते, म्हणून वर सांगितलेली सगळी तपासणी जागेवरच, घाई न करता करावी. ज्यांना कुरिअरनेच मागवावे लागते त्यांनी लेन्समागे टॉर्च धरून काढलेला फोटो, मागचे दार उघडे ठेवून प्रत्येक वेगावर शटर चालतानाचा व्हिडिओ आणि त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या रोलचे स्कॅन मागावेत. ‘अनटेस्टेड’ लिहिलेला कॅमेरा बंद आहे असेच धरून चालावे.

पंधरा हजारांची विभागणी मी अशी करेन: आठ हजार कॅमेऱ्याला, तीन हजार सफाई, फोम आणि रेंजफाइंडरच्या जुळवणीसाठी राखून, आणि उरलेले रोल, धुलाई व स्कॅन यांच्यासाठी. पैसे कमी पडले तर कॅमेऱ्यातून कापा, रोलमधून नको. पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही किती रोल काढता यावरच हा छंद टिकणे अवलंबून आहे. तुमच्या गावात रोल धुऊन मिळत नसेल तर दोन-तीन रोल साठवून मुंबई-पुण्याला एकदम पाठवले की कुरिअरचा खर्च विभागला जातो.

कोकणातल्या हवेविषयी न सांगता कसे चालेल? आरसी बरोबर चामड्याचे मूळ कव्हर आले तर ते जपून ठेवा, पण कॅमेरा त्यात ठेवू नका, ते ओल धरून ठेवते. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत कॅमेरा ठेवावा, रंग बदलला की दाणे तापवून कोरडे करावेत, आणि कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी कॅमेरा किंवा रोल ठेवू नयेत. आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात धरावा, चार वेळा शटर दाबावे. काकांच्या यशिकालाही त्याच डब्यात जागा करा, मात्र आधी त्याची लेन्स टॉर्चने तपासून.

पुण्याच्या विक्रेत्याला आज तीन प्रश्न विचारा: मीटर कोणत्या सेलवर तपासला, लेन्समध्ये टॉर्चने पाहिल्यावर धागे दिसतात का, आणि रोल काढून झाल्यावर बिघाड निघाला तर आठ-दहा दिवसांत कॅमेरा परत घेणार का. तिसऱ्या प्रश्नाला तो होकार देत असेल तर आठ हजारांवर घासाघीस करू नका.